दोन्ही नकाशांबाहेरचं घर
आमचा मामा नगरपालिकेत नकाशे उतरवायचा. पातळ पारदर्शक कागद, टोकदार पेन आणि रोखून धरलेला श्वास. "रेघ जरा हलली की चार घरं शेजारच्या शहरात जातात," असं मोठ्या तोऱ्यात सांगायचा.

आमची गल्ली म्हणजे त्याच्या डोक्याला ताप. चारी बाजूंनी हे शहर, आणि मधोमध शेजारच्या शहराची बावीस घरं, वाटणी करताना कुणी विसरून गेल्यासारखी. ती हद्द नेमकी आमच्या घरातून जायची. आई स्वयंपाक एका शहरात करायची आणि झोपायची दुसऱ्यात. बाबा होते तोवर रोज विचारायचे, "पासपोर्ट आणलास का?" आणि आई रोज हसायची.

मग हुकूम निघाला: नव्या नकाशात एकही घर कापायचं नाही, इकडे घ्या नाहीतर तिकडे टाका. बहिणीचं घर आपल्याकडे ओढलं असं कुणी म्हणू नये, म्हणून मामानं रेघ केसभर सरकवली आणि आम्हाला तिकडे टाकलं. तिकडच्या नकाशेवाल्यानं, नसती भानगड नको म्हणून, आम्हाला इकडे टाकलं. एकमेकांना विचारायचं काही सुचलं नाही दोघा शहाण्यांना!

वर्षभरात मामाला हे कळलं. आईला म्हणाला, "आता कबूल केलं तर नोकरीला डाग लागेल गं. पुढच्या नकाशात दुरुस्त करतो गुपचूप."

"कर रे सावकाश," आई म्हणाली. भावाला पाठीशी घालायची तिला खोडच होती. मला त्या खोडीचा अजून राग येतो. आठ वर्षं गेली.

एका दुपारी आई ओट्यापाशी कोसळली. छातीवर हात, अंग घामानं चिंब. मी रुग्णवाहिकेला फोन लावला.

"तुमचं घर आमच्या नकाशात नाही, बाई. तिकडे विचारा."

तिकडे लावला. "ते त्यांच्याकडे येतं."

पुन्हा इकडे. मी शिव्या घातल्या, मग गयावया केली. शेवटी शेजाऱ्यांच्या टेम्पोत तिला आडवी घातली. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, अर्धा तास आधी आणलं असतं तर वाचल्या असत्या.

चौथ्या दिवशी मामा दारात आला. हातात नवा नकाशा, त्यावर साहेबांची सही, शिक्का. आमचं घर इकडच्या हद्दीत, अख्खंच्या अख्खं. चूक त्यानं कबूल केली होती. साहेब नुसते "बरं" म्हणाले होते.

"किती वेळ लागला?" मी विचारलं.

त्यानं नकाशाची गुंडाळी केली.

"पाव तास."

मी दार लावून घेतलं. तो कितीतरी वेळ बाहेरच उभा होता.