आमच्या संघटनेतला एकमेव साधा सभासद

साठच्या दशकाच्या सुरुवातीला मणक्याची ऑपरेशनं करणाऱ्या आम्ही सात सर्जनांनी एक संघटना काढली. चिटणीसांनी विलायतेतल्या कुठल्याशा जुन्या संस्थेची नियमावली मागवून जशीच्या तशी मराठीत उतरवली. तिच्यात अध्यक्षापासून ग्रंथपालापर्यंत सात पदं होती, ती आम्ही वाटून घेतली. मी सहचिटणीस झालो आणि माझ्या वडिलांनी ही बातमी आमच्या तोंडवली गावापासून मालवणच्या बाजारापर्यंत पोचवली.

दुसऱ्या वर्षीची सभा मे महिन्यात आमच्या घरी ठरली, ती आंब्यांमुळे. विषय एकच होता. सभासद व्हायला मणक्याच्या कामाचा दहा वर्षांचा अनुभव लागे आणि तसा आठवा माणूस काही सापडत नव्हता. तेव्हा दहाची पाच वर्षं करायची. विषयाची नोटीस रीतसर पंधरा दिवस आधी गेली होती.

पडवीत सभा सुरू झाली. आरामखुर्चीत अध्यक्ष, आम्हा सगळ्यांचे गुरू. चिटणीस नियम वाचता वाचता मधेच अडखळले. नियमात बदल फक्त साध्या सभासदानेच सुचवायचा, पदाधिकाऱ्याने नाही, असं तिथे लिहिलं होतं. आमच्यात साधा सभासद कोणीच नव्हता.

कोणीतरी पद सोडणं भाग होतं. घर माझं म्हणून सगळे माझ्याकडे बघू लागले. मी दाराकडे बघितलं, तिथे वडील उभे होते. मी नाही म्हणालो. ग्रंथपालांकडे एकही ग्रंथ नव्हता, तरी त्यांनाही पद सोडवेना. शेवटी गुरूच वैतागले. पाच मिनिटांसाठी मीच सोडतो, म्हणाले, आणि बाकावर जाऊन बसले. त्यांनी बदल सुचवला, आरामखुर्चीत बसून उपाध्यक्षांनी तो मताला टाकला, सगळ्यांचे हात वर झाले.

मग गुरू खुर्चीपाशी येऊन उभे राहिले. उपाध्यक्ष उठेनात.

"सर, मला हौस नाही. पण रिकामं झालेलं पद पुढच्या वार्षिक सभेपर्यंत उपाध्यक्षांनी सांभाळायचं, असा नियम आहे."

"मग तो बदला."

"ते तुम्हीच सुचवू शकता. पंधरा दिवसांची नोटीस लागेल."

गुरू पँट गुडघ्यापर्यंत दुमडून समुद्राकडे निघून गेले. ते तसेच मुंबईला जातात की काय, अशी आम्हाला धास्ती. जेवायच्या वेळेला परत आले, पण तोंड फुगलेलंच. तेवढ्यात वडील आतून आले. सकाळपासूनची सभा त्यांनी दारात उभं राहून ऐकली होती.

"डॉक्टरानू, ताटां वाढलेली आसत," ते म्हणाले. "आता जेवणाचो ठराव कोणी मांडूचो?"

आम्ही सगळ्यांनी नकळत गुरूंकडे पाहिलं. त्यांचा चेहरा हळूहळू उजळत गेला. अख्ख्या संघटनेत काहीही सुचवण्याचा अधिकार त्यांच्या एकट्याकडे होता, हे त्यांच्या आत्ता लक्षात आलं. बांगड्याचं तिखलं ओरपून त्यांनी माझ्याकडे कागद मागितले.

संध्याकाळपर्यंत माझ्या हातात नोटिसांचा गठ्ठा पडला. अध्यक्षांनी सभा उभं राहून चालवावी. आंब्याचे हात धुतल्याशिवाय त्यांनी संघटनेच्या कागदांना शिवू नये. जेवणानंतर त्यांनी गाऊ नये. प्रत्येकीखाली सही आणि सहीखाली ठळक अक्षरांत 'साधा सभासद'. नवे अध्यक्ष मला म्हणाले, हे घेऊ नका. पण नोटीस नाकारायचा नियमच नव्हता. मी पोच लिहून दिली.

पुढच्या वर्षी पाच वर्षांच्या अनुभवाचे नवे सभासद आले. त्यांना वाटलं, ही संघटना अशीच चालते. उभं राहण्याच्या ठरावावर त्यांनी गंभीरपणे चर्चा केली. एकाने तर फळ्यावर कमरेचे मणके काढून उभं राहण्याचे फायदे समजावले. ठराव मंजूर झाला आणि तिथल्या तिथे लागूही झाला. दुपारपर्यंत अध्यक्षांचा हात कमरेवर गेला, चहाच्या वेळेला, नव्या निवडीची वाट न बघता, त्यांनी आपण होऊन राजीनामा दिला.

आम्ही गुरूंना पुन्हा अध्यक्ष व्हा म्हणून गळ घातली. त्यांनी साफ नकार दिला. पुढची कित्येक वर्षं ते साधे सभासदच राहिले, आणि सभेला पंधरा दिवस उरले की जो कोणी अध्यक्ष असेल तो आपलं टपाल न फोडताच माझ्याकडे पाठवून देई.