भुंगामामांचं टेकाड

भुंगामामा कोणाच्या तोंडाकडे बघून बोलल्याचं मला आठवत नाही. नजर कायम जमिनीवर. माझ्या लग्नात, खर्डीच्या मांडवात, मंगलाष्टकं चालू असताना माझे हे सख्खे मामा तुळशीची कुंडी हलवून बघत होते. "मामा, अक्षता टाका," कोणीतरी म्हणालं. "थांब रे, काय तरी हललं."

धरणात त्यांचं गाव गेलं आणि गावामागच्या टेकाडाचा माथा तेवढा बेट होऊन उरला. तिथल्या कुजक्या पाल्यात मामांना एक काळा भुंगेरा सापडला. त्याला उडता यायचं नाही. पाठीचं कवच शिवून टाकल्यासारखं बंद. मेलेला एक त्यांनी चुन्याच्या डबीत जपला होता. "गावचा येवडाच गाववाला उरलाय तिथं," म्हणायचे. मुंबईचा एक जाणकार डबी बघून म्हणाला, असा दुसरीकडे कुठे नाही, जिवंत आणा, मग नाव देऊ. मामा पावसाची वाट बघत बसले, कारण उन्हाळाभर ते किडे पाल्याखाली निजतात.

आमच्याकडे पेरणीआधी राब भाजतात. रोपांच्या तुकड्यावर फांद्या, पाला, शेण पसरून जाळायचं. दर वर्षी मामा बांधावर हजर. "फांदी नका तोडू रे. पडलेला पाला काय कमी हाय?" वीस वर्षं मी हो म्हणून कोयता उचलला.

नेमकी त्याच मे महिन्यात मला सुबुद्धी झाली. टेकाडावर गुडघाभर पाला होता. होडीच्या चार फेऱ्या करून सगळा आणला, वर खराट्याने झाडूनही घेतलं. राब झकास भाजला. भुंगेरा पाल्यात राहतो हे मामांनी मला शंभरदा सांगितलं होतं. पण मामा बोलत असताना ऐकायची सवय आमच्या घरात कोणालाच नव्हती.

पावसाळाभर मामा बेटावरून रिकाम्या हाताने परतत राहिले. श्रावणात मी सांगून टाकलं. त्यांनी मान वर करून थेट माझ्याकडे पाहिलं.

"जन्मात एकदा माजं ऐकलंस," म्हणाले, "नि ते ह्ये."

पुढच्या दोन पावसाळ्यांतही काही मिळालं नाही. मग मामाच गेले. नाव द्यायचं राहिलेली डबी माझ्या कपाटात आहे. आता दर मे महिन्यात मी होडीतून पाल्याच्या पाट्या बेटावर नेऊन ओततो. "जाळलेला किडा पाल्यानं परत येतो काय?" बायको विचारते. येत नाही. तरी मी वाकून बघत फिरतो.

परवा शहापूरच्या एसटी स्टँडवर भाचा वैतागून जवळ आला. "मामा, कवाचा हात दाखवतोय तुमाला."

मला दिसला नव्हता. मी खाली बघत होतो.