घड्याळजींचे कान

घड्याळजींचं कानातलं यंत्र फोनवरून, हप्त्यांवर घेतलेलं. एक हप्ता चुकला आणि कंपनीनं दुरूनच ते बंद करून टाकलं. ऐकूच न येणाऱ्याशी काय भांडायचं, म्हणून बायकोनं घरातली भांडणंही थांबवली आणि सगळा राग घेऊन ग्राहक न्यायालय गाठलं.

"अहो, हा माणूस टिकटिक ऐकून घड्याळं दुरुस्त करतो! यंत्र तुमचं असेल, कान तर आमचेच ना?"

न्यायाधीशबाईंनी कंपनीला खडसावलं, "आधी नोटीस न देता यंत्र बंद करता येणार नाही. आजच्या आज सुरू करा."

संध्याकाळी दुकानातली सगळी घड्याळं एकदम बोलू लागली. बायकोनं हळूच विचारलं, "येतंय का हो ऐकू?"

"येतंय," घड्याळजी म्हणाले. "आता भांड बघू. घर नुसतं खायला उठलं होतं."