हा शब्द चालतो का, मास्तर?

“हा शब्द चालतो का, मास्तर?”

असं विचारताना ते डाव्या हाताची दोन बोटं ओठांवर ठेवायचे. शब्द तोवर बाहेर पडलेला असायचा, तरी बोटं तिथंच राहायची. मी कुणाचा मास्तर नव्हतो. पुण्याकडून बदलून आलेला, त्यांच्याहून चांगला पंधरा वर्षांनी लहान असा साधा कारकून होतो. पण माझं मराठी कचेरीत चालायचं, त्यांचं चालायचं नाही, म्हणून मी मास्तर. त्यांना सगळे मुन्शी म्हणायचे. आधी मानानं म्हणत असत, माझ्या वेळेपर्यंत चेष्टेनं म्हणायला लागले होते.

निजामाच्या अमदानीत ते उर्दू शाळेत शिकले. त्यांचं उर्दू अक्षर इतकं देखणं होतं म्हणे, की मोठे हुकूम लिहायचे असले की अंमलदार त्यांनाच बोलावून घ्यायचा. मग पोलीस अ‍ॅक्शन झाली, पुढं महाराष्ट्र झाला आणि कचेरीचा कारभार मराठीत आला. तिशी उलटलेला माणूस बाराखडी गिरवायला बसला. मराठी त्यांच्या घरचंच होतं. दौलताबादेजवळच्या शेतकऱ्याचा तो मुलगा. पण घरातलं मराठी कागदावर चालत नव्हतं, आणि कागदावरचं उर्दू तर गेलंच होतं. तुम्ही सरकारी कचेऱ्यांत वावरला असाल तर अशी माणसं पाहिली असतील. कोपऱ्यातल्या टेबलावर बसलेली, फार वेळ एकच ओळ लिहिणारी.

एकदा त्यांनी एका जमिनीच्या तंट्याचा मसुदा केला. ‘मजकूर इसमाची दरयाफ्त करून मिसल तसफियास पेश केली आहे’, अशी सुरुवात होती. चौकशी करून प्रकरण निकालासाठी ठेवलं आहे, इतकंच त्यांना म्हणायचं होतं. मी तांबडी पेन्सिल घेतली आणि एकेका शब्दाखाली रेघ ओढली. तेवढ्यावर थांबलो असतो तरी ठीक होतं. मी उभा राहिलो आणि तो मसुदा सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवला, मध्ये मध्ये थांबून, नाटकातल्यासारखा. सगळी कचेरी हसली. मुन्शी स्वतःही हसले. मग कागद मागून घेतला, नीट घडी केली आणि म्हणाले, “अर्ज हा शब्द चालतो ना, मास्तर? तारीख? तोही आमच्याकडलाच आहे.”

पुन्हा हशा झाला. तेव्हा मला स्वतःची लाज वाटली नाही. आता वाटते, पण आता तिचा उपयोग काय?

लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी त्यांना मुलगी झाली. त्यांनी कचेरीभर पेढे वाटले. मला बाजूला घेऊन म्हणाले, “मास्तर, माझ्या पोरीला कुणी हसता कामा नये. पहिल्या शब्दापासून तिचं मराठी स्वच्छ पाहिजे. तुम्ही मदत करायची.”

मी फुगलो. पुठ्ठ्याच्या पाटीवर सुवाच्य अक्षरात वाक्यं लिहून दिली. बाळ, पाणी हवे का? इकडे ये. ते पाहा, पाखरू. भूक लागली का? बेगमपुऱ्यातल्या त्यांच्या दोन खोल्यांच्या घरात चुलीवरच्या भिंतीवर खळ लावून ती पाटी चिकटवली गेली. वहिनी कन्नडकडच्या खेड्यातल्या. त्यांना वाचता येत नव्हतं, म्हणून मुन्शींनी ती वाक्यं त्यांच्याकडून पाठ करून घेतली. लेकीसमोर एवढंच बोलायचं, असं बजावलं. लई नाही, व्हय नाही, नगं तर मुळीच नाही. शेजारणींनाही उंबऱ्याबाहेरूनच बोलायची विनंती झाली.

सुरुवातीला वहिनी शाळेतल्या मुलीसारखी मान डोलावत ती वाक्यं म्हणायच्या. मी गेलो की मुन्शी मला ऐकवायचे. “म्हणा, पाखरू.” “पाखरू,” वहिनी म्हणायच्या आणि पदर तोंडाला लावायच्या. हळूहळू त्यांनी पाटीवरचंही बोलणं सोडलं. लेकीला वाटी दाखवायची, हातानं बोलवायचं, मानेनं नको म्हणायचं. घरात इतकी शांतता असायची की चुलीतल्या काटक्यांचा आवाजही मोठा वाटायचा.

एका दुपारी मी न सांगता गेलो. मागच्या अंगणात वहिनी शेळीला पाला घालत होत्या आणि त्यांचं तोंड एकसारखं चाललं होतं. “खा गं माय, लई ऊन पडलंय. तुझं पिल्लू कुठं हाय? त्येला बी बोलीव. तुमचं बरं हाय बया, तुमाला कुनी पाटी न्हाई लावली.” दाराच्या चौकटीला धरून ती दीड-दोन वर्षांची पोर उभी होती. तोंड उघडं, डोळे आईच्या ओठांवर. मी खाकरलो. वहिनी गप्प झाल्या, पोर मागं सरकली. मी हे मुन्शींना सांगायला हवं होतं. पण सांगितलं असतं तर माझी पाटी खाली आली असती.

पोर तिसऱ्या वर्षात गेली तरी एक शब्द बोलेना. पलीकडच्या घरात एक खाला राहायच्या, त्यांनी पिंजऱ्यातला पोपट पाळला होता. त्यांनी पोपटानं टोचलेला पेरू आणून दिला. पोपटाचा उष्टा पेरू खाल्ला की मुकं पोर बोलायला लागतं, हे तुम्हीही ऐकलं असेल. मुन्शींनी पेरू घेतला, डोळ्यांना लावला, आणि मग त्यांना शंका आली.

“खाला, तुमचा मिठ्ठू काय बोलतो?”

“हौ, लई बोलता जी. कौन है, अंदर आव, चाय पीव, सब बोलता.”

त्यांनी पेरू फडक्यात बांधून परत दिला. दुसऱ्या दिवशी कचेरीत माझ्यापाशी आले. स्वच्छ मराठी बोलणारा पोपट गावात कुणाकडे आहे का? मी आधी हसलो, मग पाहिलं, तर माणूस खरंच विचारत होता. माझ्या घरमालकांकडे होता. ‘कोण आहे? बसा’ एवढं म्हणायचा. सलग तीन दिवस मुन्शी कचेरी सुटली की पेरू घेऊन सायकलवर आले आणि पिंजऱ्यापाशी उभे राहिले. पोपट त्यांना ‘बसा’ म्हणायचा आणि पेरूला तोंड लावायचा नाही. तिसऱ्या दिवशी मी घरात चहा पीत खिडकीतून पाहत होतो. पिंजऱ्याच्या गजांशी पेरू धरून ते हलक्या आवाजात म्हणत होते, “घे ना राजा. एक चोच मार. माझ्या लेकीसाठी मार.” मला चहा संपवता आला नाही.

त्यानंतर वहिनींच्या भावाचं लग्न निघालं. वहिनी लेकीला घेऊन माहेरी गेल्या आणि शेंगा निघेपर्यंत तिथंच राहिल्या. एका सकाळी कन्नडच्या एसटीच्या कंडक्टरानं कचेरीत निरोप आणला. पोर बोलाया लागली. मुन्शींनी बोटं ओठांवर ठेवली नाहीत, काही नाही. सरळ माझा हात धरला. “चला मास्तर. तुम्ही ऐकलं पाहिजे.”

कन्नडला उतरून आम्ही तास-दीड तास चाललो. खळ्यावर शेंगांचा ढीग होता, मामा बसला होता, आणि ती पोर त्याच्या गळ्यात पडून बडबडत होती. “मामा, मला बी दे. लई दे. त्या बकरीला नगं देऊ, ती मारती.” मुन्शी उभ्याउभ्या रडायला लागले. रडता रडता हसले. पोरीनं पाहिलं, धावत आली, ओंजळीतल्या शेंगा त्यांच्यापुढं धरल्या आणि म्हणाली, “दादा, घ्या. लई हायत.”

ते तिच्यासमोर गुडघ्यावर बसले. माझ्याकडं पाहिलं. मी तिथं नसतो तर कदाचित त्यांनी शेंगा घेतल्या असत्या. “लई नाही बाळा,” ते म्हणाले, “पुष्कळ म्हण.”

पोरीचं तोंड मिटलं. ओंजळ तशीच राहिली. आम्ही संध्याकाळपर्यंत तिथं होतो, तिनं एक अक्षर काढलं नाही.

निघताना वहिनी दारात आल्या. माझ्यासमोर त्या पहिल्यांदाच त्यांच्या बोलीत बोलल्या. “तुमी जावा. पोर हितंच ऱ्हाईल, अन् मी बी.” मग माझ्याकडं वळल्या. “मास्तर, ती पाटी काढून न्या. तुमच्या घरी लावा.”

मुन्शी भांडले नाहीत. दर शनिवारी अर्धा दिवस भरला की ते कन्नडची एसटी धरायचे. सोमवारी कामावर हजर. एकदा मी विचारलं, पोर काय म्हणते?

“मी आत जात नाय, मास्तर. खिडकीखाली ओट्यावर बसतो. ती पाणी आणून देते, मी पितो. बोलत नाय. माझ्या तोंडातून परत काही निघालं तर? ती आत गेली की बोलाया लागते, मी भिंतीला टेकून ऐकतो. लई गोड बोलती.”

त्या दिवशी त्यांनी कुठला शब्द चालतो का, हे विचारलं नाही. पुढंही कधी विचारलं नाही. मला त्याचं वाईट वाटलं, हेही सांगून टाकतो.

नोकरीची दोन-तीन वर्षं उरली असताना ते गेले. तापाचं निमित्त झालं. पेन्शनच्या कागदपत्रांसाठी वहिनी आणि लेक कचेरीत आल्या तेव्हा त्या टेबलाचा प्रमुख मी होतो. लेक एकोणीस-वीस वर्षांची, धीट. शाळेत गेलेली. अर्ज तिनं स्वतः लिहून आणला होता. तिनं मला ओळखलं नाही. वहिनींनी ओळखलं आणि खिडकीबाहेर पाहत राहिल्या.

अर्ज पुढं ओढून मी वाचायला लागलो. काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, वडील यायचे ना गावाकडं?

“यायचे की. दर शनवारी. एक खाडा नाय केला. पर घरात नाय यायचे, साहेब. खिडकीखाली बसायचे. आत चला म्हणलं की मान हालवायचे. आमाला वाटायचं, आमचं बोलणं त्यांच्या कानाला सोसत नाय. म्हणून ते आले की मी हळू बोलायचे.”

मी मान वर केली नाही. खरं काय ते सांगायचं तर सुरुवात माझ्यापासून करावी लागली असती, तो मसुदा, ती पाटी, ते खळं. वहिनी समोर होत्या. आज हे लिहितोय, पण ती हे वाचेल अशी काही व्यवस्था मी केलेली नाही.

“काय चुकलं का, साहेब?” तिनं विचारलं.

मी अर्जाकडं पाहिलं. ‘माझे वडील लई वर्षे या कचेरीत होते’, असं तिनं वळणदार अक्षरात लिहिलं होतं. ती बोलत असताना माझ्या हातानं त्यातल्या एका शब्दाखाली तांबडी रेघ ओढली होती.