रद्दीची भिंत

फर्निचरच्या दुकानात विक्रेत्याने रद्दीच्या लगद्यापासून केलेल्या फळीवर मूठ आपटून दाखवली. "बघा, काही होत नाही," तो म्हणाला. मला आमची जुनी भाड्याची खोली आठवली. शेजारच्या शोभाच्या आणि आमच्या खोलीच्या मध्ये असल्याच फळ्यांची भिंत होती. एका दुपारी शोभाच्या नवऱ्याने तिला केसांना धरून त्या भिंतीवर आपटलं. दुसऱ्या तडाख्याला फळी फुटली आणि शोभाचं रक्ताळलेलं डोकं आमच्या ओट्यापाशी आलं. आईने काखेत हात घालून तिला अख्खी या बाजूला ओढून घेतली. मागोमाग तो भगदाडातून वाकून येऊ लागला. आईने वरवंटा उचलला.

"पाय आत टाक, गुडघा फोडते," ती शांतपणे म्हणाली.

त्याने पाय टाकला. आईने खरोखरच घाव घातला आणि तो किंचाळत मागे कोसळला.

शोभा त्या घरात परत गेली नाही. विटांची भिंत मजबूत खरी, पण तिच्यावर माणसाचं डोकं फुटतं आणि पलीकडे नुसता आवाज येतो. कागद फाटतो, हा त्याचा दोष म्हणतात. मला तसं म्हणवत नाही.

घरमालक म्हणाला, "आता पक्की भिंत घालतो."

आई म्हणाली, "नको. होती तशीच घाला."