सिस्टर आणि वळकटी

सिस्टर जेवणाऱ्या पोरांनासुद्धा पानावरून उठवायच्या. शिवाजी पेठेत आमची खानावळ होती. डॉक्टरकी शिकणारी पाच-सहा मुले तिथे रोज यायची. मागच्या खोलीत राहणाऱ्या सिस्टर नोकरीतून निवृत्त झाल्या होत्या, पण आवाज अजून वॉर्डातलाच होता.

"माणूस पडला, श्वास बंद, नाडी न्हाय. काय करशील?" त्या विचारायच्या. मुले पुस्तकातले इंग्रजी घडाघडा म्हणायची. "तोंडानं नको, हातानं दाखव," म्हणत सिस्टर गादीची वळकटी पुढे टाकायच्या. मुले हसायची. "सिस्टर, परीक्षेत हे करून दाखवायला लावत न्हाईत. आमटी निवायला लागलीया." एकानेही कधी गुडघे टेकले नाहीत.

मग दुपारी खानावळ रिकामी झाली की त्या मला हाक मारायच्या. मी दार लोटून घ्यायचे. छातीच्या मधोमध तळहात, कोपर ताठ, जोर खांद्यातून. "हळू काय दाबतीस? कणीक न्हवं ती." चौथी शिकलेल्या मला ते आले.

सिस्टर मुरगूडला भाचीच्या लग्नाला गेल्या होत्या, तेव्हा मामंजी, म्हणजे माझे सासरे, वाढता वाढता कोसळले. मुले उठली. एकाने नाडी शोधली, मनगट बदलून पुन्हा शोधली. एकाने पाणी आणले. एक रिक्षाला पळाला. शेवटच्या वर्षाचा मुलगा म्हणाला, "श्वास बंद हाय," आणि उभाच राहिला.

मी चार पावलांवर, स्वयंपाकघराच्या दारात. सासऱ्यांसमोर कधी मान वर केली नव्हती. परक्या पोरांदेखत त्यांच्या छातीवर हात कसा ठेवणार? पदर घट्ट धरून उभी राहिले. रिक्षा आली तोवर सगळे संपले होते.

त्या मुलांचा राग मला आजही येतो. सुतक फिटल्यावर ती पुन्हा जेवायला आली. सिस्टरांनी दारातच अडवली. "आधी गुडघं टेका. मग ताट." सगळ्यांनी मुकाट्याने वळकटी दाबली. मला ते बघवले नाही.

मला मात्र त्या एक शब्दही बोलल्या नाहीत. लेकाकडे पुण्याला कायमच्या निघाल्या, त्या सकाळी मीच विचारले, "मी दाबलं असतं तर मामंजी वाचलं असतं?"

ट्रंकेला कुलूप लावत त्या म्हणाल्या, "वाचलं असतं, न्हाईतर नसतं. सांगता येत न्हाई."

"नसतं वाचलं, एवढंच म्हणा की सिस्टर."

"खोटं कसं सांगू तुला?"

त्या रिक्षात बसल्या. पुन्हा आमची भेट झाली नाही. मी त्यांच्या पाया पडायचे ठरवले होते. पडले नाही. आत येऊन परातीत पीठ घेतले.