हद्दीचा चर

आग्नेसमावशीचा मळा इतका उभा आहे की हातातून निसटलेलं रताळं थेट नदीत सापडतं. आमच्या सिम्बूच्या डोंगरात सपाट जमीन आहे तरी कुणाकडे? पण तिच्या मळ्याचं खरं दुखणं म्हणजे तिच्या आणि दिराच्या, मोंडोच्या, जमिनीमधला चर. सासऱ्याने वाटणी करताना तो माथ्यापासून नदीपर्यंत सरळ खणला. आमच्याकडे चर म्हणजेच हद्द. मावशीचा नवरा वारला, हद्द राहिली.

सरळ वाट मिळाली की पाणी चालत नाही, धावतं, आणि जाताना माती घेऊन जातं. दर पावसात चराच्या कडा ढासळायच्या, रताळ्यांचे वाफे आत पडायचे. दुसरी जमीन तिला नव्हती.

"भावजी, चर जरा आडवा वळवा. पाण्याचा जोर मोडेल."

"वळवा म्हणे! कुणाच्या बाजूला? तुझ्या?"

चर खणणं पुरुषांचं काम, म्हणून बाईने कुदळ लावायची नाही. जाणती मंडळी निवाड्याला बसली, त्यासाठी तिनेच दिलेलं डुक्कर खाऊन ढेकर देत उठली आणि म्हणाली, हद्द वाकडी होत नसते. माझं तर डोकंच फिरलं.

मग मावशीने चरात जागोजागी ओंडके आडवे टाकले. पाणी अडखळत उतरू लागलं, ओंडक्यांमागे माती साठू लागली. कितीतरी दिवसांनी ती हसली. पण हद्दीवर लाकूड आडवं टाकणं म्हणजे पलीकडच्या जमिनीवर हक्क सांगणं. मोंडोने एकेक ओंडका उपटून खाली भिरकावला.

"वहिनी, दादा गेला म्हणून माझी जमीन गिळतेस?"

"जमीन नदी गिळतेय! डोळे फुटलेत का तुमचे?"

पुढच्या मोठ्या पावसात चराची घळ झाली, आत माणूस उभा मावेल एवढी. मावशीचे बहुतेक वाफे गेले, मोंडोची कॉफीची झाडंही मुळांसकट गेली. सकाळी पुरुष काठावर जमले. मला वाटलं, आता तरी शहाणपण सुचेल. कसलं काय! वाद सुरू झाला, हद्द घळीच्या या काठावर धरायची की त्या?

मावशी पाठीवर झोळी घेऊन आली. झोळीत उरलीसुरली, बोटाएवढी रताळी होती.

"घळ सगळी तुम्हीच घ्या, भावजी," ती म्हणाली. "मला एवढंच सांगा, मी रताळी कशात लावू?"

मोंडोने एक लांब काठी उचलली आणि तो घळीची रुंदी मोजायला लागला.